आगगाडी जहाजाची जागा घेईल काय?

मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे अजस्र जहाज सुएझ कालव्यात आडवे झाले आणि सहा दिवस वाहतूक खोळंबली. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा कित्येक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. अशा प्रत्येक प्रसंगी एकच प्रश्न पुढे येतो: आशिया आणि युरोप यांमधील व्यापार समुद्राऐवजी लोहमार्गाने का होऊ नये?

हा प्रश्न केवळ काल्पनिक नव्हे. चीनमधील चोंगछिंग ते जर्मनीतील ड्युइसबर्ग अशी मालगाडी २०११ पासून धावू लागली. जहाजाला महिन्याहून अधिक काळ लागतो; गाडी हे अंतर पंधरा-अठरा दिवसांत कापते. तथापि प्रचंड जहाजात वीस फुटी चोवीस हजार कंटेनर मावतात, तर एका गाडीवर जेमतेम शंभर. म्हणजे एका जहाजाच्या जागी २४० गाड्या हव्यात! शिवाय रेल्वेचे भाडे अधिक. चीनमधील स्थानिक सरकारांच्या अनुदानाचा टेकू नसता तर ही वाहतूक एवढी वाढली असती काय, याची शंकाच आहे.

दुसरी अडचण रुळांची. चीन व पोलंड यांचे रूळ १४३५ मिलिमीटरचे, तर मधल्या कझाकस्तान, रशिया, बेलारूस यांचे १५२० मिलिमीटरचे. साहजिकच कंटेनर वाटेत दोनदा उतरवून चढवावे लागतात. एके काळी मिरजेला तीन गेजच्या गाड्या एकत्र येत. हा खटाटोप तेथील जुन्या लोकांना ठाऊक आहे.

तिसरी अडचण राजकारणाची. सप्टेंबर २०२५ मध्ये पोलंडने बेलारूसची सरहद्द सुमारे दोन आठवडे बंद केली आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या. जहाज लांबून का होईना, वळून जाऊ शकते. गाडीला रूळ सोडून जाता येत नाही.

भारतानेही यातून बोध घ्यावा. मुंबईहून समुद्रमार्गे इराण आणि तेथून लोहमार्गाने रशिया, या मार्गाचा करार २००० साली झाला. तरी त्यातील रश्त ते आस्तारा या सुमारे १६० किलोमीटर तुकड्याच्या बांधणीचा करार व्हायला २०२३ साल उजाडले. असे मार्ग अवश्य बांधावेत. पण संकटकाळचा विमा म्हणून आणि मौल्यवान, निकडीच्या मालासाठी. बंदरांच्या वाट्याचा पैसा त्यांकडे वळविणे मात्र आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल.