शाळेच्या सुट्ट्या कोणाच्या सोयीच्या?

जूनच्या मध्यास शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शाळा उघडतात. पावसानें जोर धरून राबांतील रोप लावणीस आलें कीं खेड्यांतील वर्ग ओस पडूं लागतात. गुरुजी घरोघर हिंडून मुलांना बोलावतात, आणि आईबाप म्हणतात, "चार दिवस थांबा, लावणी उरकूं द्या." पुढें कापणीच्या वेळीं हाच संवाद पुन्हां होतो. अशा गैरहजेरीस शेतकऱ्याची अनास्था असें नांव देण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. आमच्या मतें ही रीत अन्यायाची आहे. दोष मुलांत आहे कीं सुट्ट्यांच्या तक्त्यांत, हें आधीं पाहिलें पाहिजे.

सर्वांत लांब सुटी मे महिन्यांत, म्हणजे शेतांत पीक उभें नसतें तेव्हां. लावणीच्या जुलैंत तशी सोय नाहीं. दिवाळीची सुटी असते खरी. परंतु दिवाळी तिथीनें येते आणि कापणी पावसानें येते. 2023 सालीं लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला झालें, 2025 सालीं तें 21 ऑक्टोबरला आलें. अधिक मासाचें गणित भाताच्या लोंबीला ठाऊक नसतें. शिवाय उन्हाळ्याच्या लांब सुटींत शाळेंतील दुपारचें जेवणही एरवीं बंदच असतें. भातसा व तानसा हीं मुंबईची तहान भागविणारीं धरणें ज्या शहापूर तालुक्यांत आहेत, तेथील पाड्यांवर त्याच दिवसांत मुलें हंडे घेऊन पाण्यासाठीं वणवण करतात. अशा सुटीस विश्रांति म्हणणें धाडसाचेंच आहे.

बालकांच्या शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यानें पहिली ते पांचवीस वर्षांतून 200 व सहावी ते आठवीस 220 कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. ते कोणत्या महिन्यांत भरावे हें त्यांत सांगितलेलें नाहीं. उलट शैक्षणिक वेळापत्रक ठरविणें हें कलम 9 अन्वयें स्थानिक प्राधिकरणाचें कर्तव्य आहे. विदर्भांतील शाळा उन्हामुळें उशिरां उघडतात, तेव्हां राज्याची शिस्त बिघडली असें कोणी म्हणत नाहीं. ऊन हें कारण होऊं शकतें, तर पाऊस कां नव्हे?

म्हणून आमची सूचना अशी कीं, ठाणें जिल्हा परिषदेनें या दोन तालुक्यांकरितां उन्हाळ्याच्या सुटींतील आठ दिवस काढून लावणीस द्यावे, आणि ते वाढीव दिवस सकाळची शाळा भरवून भरून काढावे. दिवाळीच्या सुटींतील कांहीं दिवस कापणीस जोडण्याची मोकळीक प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीस असावी. एकंदर सुट्ट्या मात्र एका दिवसानेंही वाढूं नयेत. आसनगांव-शहापूरच्या बाजारपेठेंतील पालकांना ही अदलाबदल नको असेल, तर त्यांच्या शाळेनें ती करूं नये. पण आपली सोय तीच डोंगराकडील पाड्याचीही सोय, असा हट्ट त्यांनींही धरूं नये.

यावर एक वजनदार आक्षेप येईल. लावणीची सुटी म्हणजे मुलाला मजुरीस जुंपण्याचा परवानाच नव्हे काय? आक्षेपामागील कळकळ आम्हांस मान्य आहे. बालमजुरीविरोधी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनें घरच्या धोकारहित कामांत शाळेच्या वेळेनंतर व सुटींत मदत करण्यापुरतीच मुभा ठेविली आहे, आणि ती मर्यादा ओलांडूं नये. परंतु आज मूल चिखलांत उभें राहतेंच, आणि त्याच वेळीं वर्गांत धडा पुढें सरकतो. सुटी दिली तर निदान त्याचा धडा बुडणार नाहीं.

एवढ्यानें सर्व प्रश्न सुटेल असें सांगणें ही वाचकांची फसवणूक होईल. कातकरी कुटुंबें कापणीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाळ्याच्या तोंडीं परततात. सहा महिन्यांची सुटी कोणत्याच तक्त्यांत बसणार नाहीं. त्या मुलांसाठीं गांवांत हंगामी वसतिगृह हवें, आणि आईबापांबरोबर गेलेल्यांना भट्टीजवळच्या शाळेंत विनाविलंब प्रवेश हवा. स्थलांतरितांच्या मुलांस प्रवेश देणें हेंही त्याच कलम 9 मधील कर्तव्य आहे. विधायक संसद या संस्थेनें ठाणें जिल्ह्यांतील भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून हें काम अशक्य नाहीं असें दाखवून दिलेंच आहे. व्यापारी बंधूंनीं वीट खरेदी करतांना एवढेंच विचारावें कीं, ती थापणाऱ्याचीं मुलें कोणत्या शाळेंत जातात? गिऱ्हाईकाच्या प्रश्नाला भट्टीवाला सरकारी परिपत्रकापेक्षां अधिक मान देतो.

जोतीराव फुले यांनीं 1882 सालीं हंटर आयोगापुढें शेतकऱ्यांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली. त्यास आतां 140 वर्षांहून अधिक काळ लोटला. शाळा गांवोगांव पोंचल्या, परंतु त्यांचें वेळापत्रक अद्याप शेताच्या बांधापर्यंत पोंचलें नाहीं. पुढील वर्षाचा तक्ता भिंतीवर लागण्यापूर्वीं प्रत्येक व्यवस्थापन समितीनें बैठक भरवून आपली मागणी जिल्हा परिषदेकडे लेखी पाठवावी. तक्ता लागल्यावर केलेली तक्रार म्हणजे पेरणी टळल्यावर आणलेलें बियाणें होय.