क्रमांक बाजूला ठेवा, आधी विषय सांगा

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. निकाल लागला की पालक मोबाइलवरची क्रमवारी पुढे करतात, 'सर, यातलं वरचं कुठलं?' यंदा निफाडच्या एका द्राक्षबागायतदाराने मुलीच्या एमएस्सीसाठी हिमाचलमधल्या विद्यापीठांची यादी आणली.

२०११च्या जनगणनेनुसार या राज्यातली सुमारे ९० टक्के माणसं खेड्यांत राहतात. तिथे शिमल्याचं विद्यापीठ १९७०चं, पालमपूरचं कृषी विद्यापीठ १९७८चं, सोलनजवळच्या नौणीचं फलोत्पादन व वानिकी विद्यापीठ १९८५चं आणि मंडीची आयआयटी २००९ची. उहल नदीकाठच्या कमांद खोऱ्यातल्या आयआयटीची शोधनिबंधांवर नौणीशी तुलना करून काय हाती लागणार? नौणीत सफरचंदाचे खुंट, छाटणी, फळप्रक्रिया यांचा अभ्यास. पालमपूरला पशुवैद्यकही आहे. गावातल्या मुलाला बीए, एमए करायचं तर त्याला शिमल्याचा आधार.

मी त्या मुलीला म्हटलं, 'बाळ, तुला बागच करायची आहे ना? मग नौणीला अर्ज कर. पण आधी तिथल्या विद्यार्थ्यांना फोन लाव. तुझ्या विषयाचे किती प्राध्यापक कायम आहेत? छाटणीची कात्री स्वतःच्या हातात मिळते की लांबून बघायचं? वसतिगृह पहिल्याच वर्षी मिळतं का?'

हीच माहिती प्रत्येक राज्य सरकारने विभागवार, दरवर्षी, प्रवेशाआधी जाहीर करायला हवी. बागायतदार द्राक्षाचं रोपसुद्धा खुंट विचारल्याशिवाय घेत नाही. पोरीच्या शिक्षणाबाबत त्याने नुसत्या क्रमांकावर का भागवावं?