इंग्रजी ही कोणाची मिरास?



आलापल्ली हे गाव सागवानाच्या जंगलासाठी महाराष्ट्रास ठाऊक आहे. अहेरी, भामरागड व सिरोंचा यांकडे जाणाऱ्या वाटा येथे फुटतात. मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू अशा अनेक भाषा या मुलखात नांदतात. इंग्रजी मात्र येथे घरची नव्हे. इ. स. २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते. तरीही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आपल्या कित्येक मुलांस त्या भाषेत चार वाक्ये धड बोलता येत नाहीत. हा बुद्धीचा दोष नव्हे. जी भाषा कानावर पडत नाही, ती जिभेवर यावी कशी? पूर्वी विद्येच्या दारावर जन्माचा पहारा होता. आज तेथे पैशाचा पहारा आहे.

समाजमाध्यमांनी हा पहारा पुष्कळ सैल केला आहे. यूट्यूबवर बीबीसीचे इंग्रजी धडे फुकट मिळतात. न समजलेले वाक्य दहा वेळा ऐकता येते, त्याची गती मंद करता येते, त्याखालील अक्षरे वाचता येतात. व्हॉट्सॲपवर आपलाच आवाज मुद्रित करून मित्रास धाडता येतो. चूक झाली म्हणून तेथे कोणी वर्गासमोर हसत नाही. भीतीने मुक्या झालेल्या विद्यार्थ्यास हा केवढा दिलासा!

परंतु पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. बोट सरकवीत घटकाभर चित्रे पाहणाऱ्यास ना इंग्रजी येते, ना मराठी सुधारते. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ म्हणून पैसे उकळणाऱ्यांपासूनही सावध राहा. खरा मार्ग कष्टाचाच आहे. पाचसहा जणांनी रोज सायंकाळी विहारात किंवा समाजमंदिरात एकत्र बसावे. एक छोटा धडा ऐकावा, पाच वाक्ये वहीत लिहावी, ती एकमेकांस म्हणून दाखवावी. आठवड्यातून एकदा संविधानाचे एक कलम मराठीत व इंग्रजीत शेजारी ठेवून वाचावे.

संविधानच कां? अनुच्छेद ३४८ पाहा. संसद कायद्याने अन्यथा ठरवीत नाही तोवर सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीतच चालावयाचे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील आपले गाऱ्हाणे उद्या नागपूर खंडपीठापुढे गेले, तर आपल्याच जमिनीविषयी काय बोलले जात आहे, हे आपणांस दुसऱ्याने सांगावे काय? परदेशी विद्यापीठांचे दरवाजेही बहुधा याच भाषेची परीक्षा घेऊन उघडतात. शिष्यवृत्ती आहे, पण भाषेवाचून ती हुकते.

यासाठी मायबोली टाकावयाची नाही. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध इंग्रजीत लिहिला, तो १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला; पण ‘मूकनायक’ (१९२०) व ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) त्यांनी मराठीत काढले. जगाशी जगाच्या भाषेत आणि आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलावे, हाच त्यातील धडा होय. गोंडी बोलणाऱ्या मुलानेही गोंडीची लाज बाळगू नये.

शेवटी एक कठोर प्रश्न विचारतो. आपल्या घरातील मोबाइल कोणाच्या हाती असतो? मुलगा रात्री उशिरापर्यंत तो घेऊन बसतो आणि मुलीने मागितला, तर ‘तुला कशाला?’ म्हणून आपण दटावतो. ज्या सावित्रीबाईंनी आपल्या काव्यातून इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, त्यांचे नाव घेण्याचा अधिकार अशा घरास कसा राहील? दुसऱ्यांनी आपल्यावर बसविलेला पहारा आपण निषेधतो. मग आपणच आपल्या लेकीवर पहारा कां बसवावा?

म्हणून आज सायंकाळपासूनच अर्धा तास ठरवा, आणि पहिली पाळी मुलीची असू द्या.