विश्लेषण : शनीला २७४ चंद्र… पण ‘चंद्र’ नेमके म्हणायचे कशाला?

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात छापलेला शनीच्या चंद्रांचा आकडा फार काळ टिकत नाही. मार्च २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने १२८ नव्या चंद्रांना मान्यता दिली आणि शनीचे चंद्र १४६ वरून थेट २७४ झाले. यातील एकही आपल्या चंद्रासारखा मोठा, गोल नाही. मग त्यांना चंद्र का म्हणायचे?

‘अनियमित’ चंद्र म्हणजे काय?

टायटनसारखे नियमित चंद्र ग्रहाच्या जवळून, जवळपास वर्तुळाकार कक्षेत फिरतात. अनियमित चंद्रांच्या कक्षा दूरच्या, लांबट आणि कललेल्या असतात. नवे १२८ याच गटातील आहेत. १८९९ मध्ये शोध लागलेला फीबी हे याचे जुने उदाहरण. टायटन सुमारे १२ लाख किलोमीटरवरून १६ दिवसांत फेरी मारतो. फीबी सुमारे १.३ कोटी किलोमीटरवर, तोही उलट दिशेने फिरतो आणि त्याला दीड वर्ष लागते. असे चंद्र शनीसोबत जन्मलेले नसून बाहेरून येऊन त्याच्या गुरुत्वाकर्षणात अडकले असावेत, असे मानले जाते.

ते सापडले कसे?

फीबीचा व्यास सुमारे २१३ किलोमीटर, तर नवे चंद्र जेमतेम काही किलोमीटरचे. एका छायाचित्रात ते दिसतच नाहीत. त्यामुळे एडवर्ड ॲश्टन आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटावरील दुर्बिणीतून काही तास सलग छायाचित्रे घेतली. चंद्राच्या अपेक्षित वेगानुसार ती सरकवून एकावर एक रचली. त्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात आणि चंद्राचा पुसट ठिपका उजळतो.

इतके तुकडे आले कुठून?

यातील अनेक चंद्रांच्या कक्षा एकमेकींशी मिळत्याजुळत्या आहेत. मोठ्यांच्या तुलनेत छोट्यांची संख्याही खूप आहे. त्यामुळे गेल्या १० कोटी वर्षांत एखादा चंद्र टकरीत फुटला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

मग व्याख्येचे काय?

चंद्र ठरण्यासाठी किमान आकाराची अट नाही. नैसर्गिक वस्तू ग्रहाभोवती फिरते आणि तिची कक्षा निश्चित करता येते, एवढे सध्या पुरेसे ठरते. पण शनीच्या कड्यांतील बर्फाचे तुकडेही त्याच्याभोवतीच फिरतात. दुर्बिणी जितक्या सक्षम होतील, तितकी सीमारेषा आखण्याची गरज वाढेल. तोवर २७४ हा आकडा पाठ करण्यापेक्षा, तो एका जुन्या टकरीचा पुरावा म्हणून वाचणे अधिक उपयोगाचे.