जुना प्लग आधी वाचा



गेल्या आठवड्यात आमच्या साडूंचा पुण्याहून फोन आला. "अण्णा, काय चाललंय?" मी म्हटलं, "ट्रकचे स्पार्क प्लग बदलतोय." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "अहो, ट्रकला कुठे प्लग असतो?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्याकडचा ट्रक म्हणजे डिझेलचा. त्यात हवा इतकी दाबली जाते की तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की आपोआप पेट घेतं, ठिणगीची गरजच नाही. (सीएनजीवर चालणाऱ्या ट्रकांना प्लग लागतो, पण ते असो.) मी सध्या ओहायोत मुलाकडे आहे. इथे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीलाही ट्रकच म्हणतात आणि ती बहुधा पेट्रोलवर चालते. मुलाचा ट्रक २००३ सालचा शेवरोले सिल्वराडो आहे. आठ सिलिंडर, म्हणजे आठ प्लग.

हा ट्रक त्याने हौसेने घेतला होता. सूनबाई त्याला "तुमचं दुसरं लग्न" म्हणते! पण जूनमध्ये त्याची नोकरी गेली (त्याच्या परवानगीनेच लिहितोय, नातेवाइकांनी लगेच फोन करू नयेत) आणि हौसेचा ट्रक एकदम कामाचा झाला. मोटार सूनबाईच्या ऑफिसला जाते. मुलाखतींना जायला आणि नातीला शाळेतून आणायला राहिला हा ट्रक. आणि नेमका तोच मिसिंग करायला लागला. चढावर धक्के, आणि समोर इंजिनाचा दिवा लुकलुकणारा. हा दिवा नुसता लागला तर काही दिवस चालवता येतं, पण लुकलुकायला लागला तर न जळलेलं पेट्रोल धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय असं समजावं. तिथे ते जळून तो कन्व्हर्टर खराब होतो, आणि तो प्लगच्या कितीतरी पट महाग.

जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी यंत्र लावलं, "पी ०३०७" असा संकेत आला. म्हणजे सातव्या सिलिंडरमध्ये गडबड. मग खर्चाचा कागद दिला. आठ प्लग, आठ कॉइल, आठ वायरी आणि मजुरी, सगळं मिळून नऊशे डॉलरच्या आसपास. तक्रार एका सिलिंडरची आणि औषध आठांना! मुलगा म्हणाला, "बाबा, मी प्लग तरी घरी बदलतो." आणि संगणकावर चार टोकांचे, ताकद वाढवतो म्हणून जाहिरात असलेले महागडे प्लग शोधायला लागला.

इथे आमचं वाजलं. त्याचं म्हणणं, गाडी जुनी झाली, तर तिला चांगल्यातलं काहीतरी घालू. माझं म्हणणं, जुन्या गाडीला तिच्या कारखान्याने ठरवलेलाच प्लग द्यावा, ना त्याहून स्वस्त ना त्याहून भारी. आणि तोही जुना प्लग काढून नीट बघितल्याशिवाय नाही. हे मी काही इंजिनिअर म्हणून सांगत नाही. माझी पदवी मराठी माध्यमातली बी. ए. आहे, पण माझ्याकडे पंचवीस वर्षं बजाज चेतक होती. टू स्ट्रोक चेतक चालवलेल्या माणसाने प्लग जितक्या वेळा हातात धरला आहे तितक्या वेळा आजच्या मेकॅनिकनेही धरला नसेल.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं, त्यामुळे प्लगवर काजळी धरणारच. सकाळी शाळेची वेळ झालेली, स्कूटर डावीकडे आडवी करून उभी करायची, किका मारायच्या, तरी ढिम्म. मग डिकीतून पाना काढायचा, उजवीकडचं कव्हर उघडायचं आणि मायकोचा प्लग पॉलिश पेपरने घासायचा. हात काळे घेऊनच वर्गात जायचं. मुलं ओळखायची, आज सर प्लग घासून आले! (ती मायको कंपनी, १९५१ साली बंगलोरला सुरू झालेली, २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते.)

तर महाग प्लगाविषयी. साध्या प्लगच्या टोकाला निकेलचा मिश्रधातू असतो. महाग प्लगच्या टोकाला प्लॅटिनम किंवा इरिडियम. निकेल वितळतं १४५५ अंश सेल्सियसला, प्लॅटिनम १७६८ ला आणि इरिडियम जवळजवळ २४५० ला. त्यामुळे इरिडियमचं टोक ठिणग्यांनी कमी झिजतं आणि लाखभर मैल टिकतं. पण ते जास्त टिकतं, जास्त ओढत नाही. इंजिनाची ताकद प्लगमधून येत नाही. या ट्रकला कारखान्यानेच टिकाऊ टोकाचे प्लग ठरवून दिलेत, कारण मागचे दोन प्लग काढणं म्हणजे शिक्षा आहे. तेव्हा इथे इरिडियम योग्यच. माझ्या चेतकला घातलं असतं तर ते ऑइलने बरबटून गेलं असतं आणि पैसे पाण्यात.

धातूपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्लगची उष्णता. प्लगचं टोक साधारण ५०० अंशांच्या वर तापलं की काजळी आपली आपण जळून जाते, आणि ८५० च्या फार वर गेलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं. आतली चिनी मातीची नळी लांब असली तर प्लग गरम राहतो, आखूड असली तर गार. दिसायला दोन्ही सारखे, आटेही तेच, म्हणून चुकीचा प्लगही खुशाल बसतो. त्यात नंबरांचा घोळ. एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा तर प्लग गार, बॉशच्या प्लगवर आकडा मोठा तर प्लग गरम. परीक्षेत असा प्रश्न काढला असता तर पालक भांडायला आले असते.

अर्थात पुस्तकावर डोळे झाकून विश्वास ठेवा असंही मी म्हणणार नाही, कारण तिथे मीच तोंडघशी पडलो. या इंजिनासाठी आधी ६० थाऊ गॅप सांगितला होता. पुढे त्याच कंपनीने नवा इरिडियम प्लग आणला आणि गॅप ४० थाऊ केला, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर. मी जुना आकडा धरून नव्या प्लगचं टोक वाकवायला निघालो होतो! मुलाने हात धरला आणि नव्या प्लगसोबतची सूचना वाचून दाखवली. इरिडियमचं टोक बारीक असतं, ते वाकवू नये, घासू तर नयेच. माझी पॉलिश पेपरची पंचवीस वर्षांची विद्या इथे उपयोगाची नाही, हे मान्य केलं.

रविवारी सकाळी काम काढलं. इंजिन रात्रभर गार होऊ दिलं होतं. हेड ॲल्युमिनियमचं, गरम असताना प्लग ओढला तर आटे त्याच्याबरोबर बाहेर येतात. हा धडा मी १९८८ मध्ये विकत घेतला आहे. शाळेच्या घाईत तापलेल्या चेतकचा प्लग काढला, परत लावताना जोर करून आवळला आणि हेडचे आटे गेले. तेव्हाच्या पगारात तो खर्च चांगलाच लागला होता, आणि घरी सांगितला नव्हता. आता सांगितला.

प्लग काढण्याआधी मुलाला एक गोष्ट करायला लावली, म्हणजे त्यानेच शोधून काढली, मी आग्रह धरला. सातव्याची कॉइल पाचव्याला आणि पाचव्याची सातव्याला. दोन बोल्ट, दहा मिनिटं. ट्रक फिरवून आणला, संकेत पुन्हा सातचाच. कॉइल बिघडलेली असती तर दोष तिच्याबरोबर पाचकडे गेला असता. म्हणजे कागदावरच्या आठही कॉइल गेल्या.

मग एकेक प्लग. खोबणीतली धूळ हवेने उडवायची, वायरीची टोपी अर्धा वळसा फिरवून मगच ओढायची. प्रत्येक प्लग मी जुन्या वर्तमानपत्रावर नंबर घालून ठेवला. सात प्लग सारखे निघाले, टोकाला फिकट तपकिरी रंग, झिजून गॅप वाढलेला. म्हातारे पण निरोगी. काळी कोरडी काजळी असती तर पेट्रोल जास्त, तेलकट असतं तर रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील गेलेलं, पांढरे फोड असते तर इंजिन तापतंय. तसं काही नव्हतं. सातवा मात्र पेट्रोलने ओला, आणि त्याच्या बाहेरच्या पांढऱ्या चिनी मातीवर शिसपेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ. वायरीची टोपी उलटी करून बघितली तर एका बाजूला भाजून कडक झालेली, तिथून चीर गेलेली. ती एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीला टेकत होती, आणि ठिणगी आत जाण्याऐवजी बाहेरूनच उडत होती.

नवा प्लग घालून जुनीच टोपी वर बसवली असती तर चार दिवस बरं वाटलं असतं, आणि नव्या प्लगवरही तीच रेघ उमटली असती. आणि गॅरेजने सगळंच बदललं असतं तर दोष गेला असता, पण कशाने गेला ते कोणालाच कळलं नसतं.

नवे प्लग बसवताना पहिले वळसे हाताने. प्लगच्या मागे रबरी नळीचा तुकडा अडकवून फिरवायचा, आटा तिरका लागला तर नळीच घसरते. चेतकच्या प्लगला वायसर असायचा, हे निमुळत्या बुडाचे आहेत, जास्त आवळले तर चिकटून बसतात. सुमारे १५ न्यूटन मीटर पुरे, म्हणजे फूटभर दांड्याच्या टोकाला पाच किलोंचा भार. आठव्याला मुलगा चाकावर उताणा चढला होता, त्याच्या तोंडून शुद्ध मराठी ऐकू आली. बरं वाटलं!

दुपारी ट्रक सुरू केला. दिवा लुकलुकला नाही, धक्केही नाहीत. मंगळवारी तो त्याच ट्रकने मुलाखतीला गेला, दीड तास लांब. निकाल अजून कळलेला नाही.

आमचं एक भांडण मात्र शिल्लक आहे. माझं मत, वायरी आठही बदलाव्यात, कारण सगळ्यांचं वय एकच. त्याने सातची आणि तिच्या शेजारची पाचची घेतली आणि म्हणाला, "बाबा, बाकीच्या टोप्या मी बघितल्या, चांगल्या आहेत. तुम्हीच म्हणालात ना, बघून बदला." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. मी महिनाअखेरीस पुण्याला परततोय, त्याच्या आत सुचेल.