उत्तरपत्रिकेचे विमान

गेल्या सत्रात आमच्यापैकी एकाच्या वर्गात, समीक्षेची प्रयोजने चालू असताना, शेवटच्या बाकावरून एक कागदी विमान निघाले आणि टेबलापाशी येऊन पडले. विमान रीतसर जप्त झाले. पुढे शिक्षककक्षात आम्ही ते उलगडले, तेव्हा कागद आम्हीच तपासलेल्या चाचणीचा निघाला. उत्तर एकटाकी, कोठेही खाडाखोड नाही. खाली लाल शाईत आमचा शेरा, 'विवेचन अपुरे'. घड्या मात्र अनेकदा बदललेल्या होत्या. नाक मोडून पुन्हा दुमडलेले, पंखांच्या मागच्या कडा किंचित वर वळवलेल्या. ज्या मुलाने उत्तर एकदाही सुधारले नाही, त्याने विमान निदान चार वेळा सुधारले होते. असे का व्हावे?

सोलापूरकरांचा विमानाशी परिचय, मधला अल्पकाळ वगळता, दीर्घकाळ कागदावरच राहिला. होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या वार्ता आपण वर्षानुवर्षे वाचल्या. वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, आणि गोव्याची नियमित सेवा ९ जून २०२५ रोजी सुरू झाली. तोवर शहरात अखंड उडत राहिली ती वहीच्या पानांचीच विमाने. या छंदाला आपण उनाडकी म्हणतो. वास्तविक ती चिकित्सेची शाळा आहे.

विमान नाक खाली घालून कोसळले, तर पंखांच्या मागच्या कडा जरा वर वळवाव्या लागतात. नाक वर करून थबकले आणि मग पडले, तर नाकाशी आणखी एक घडी घालून वजन पुढे आणावे लागते. एका बाजूस कलले, तर दोन्ही पंख जुळवून पाहावे लागतात. प्रत्येक पडण्यात दोषाचे निदान असते आणि दुसऱ्या फेकीची मुभाही असते. जपानच्या ताकुओ तोदा यांचे विमान २०१० मध्ये २९.२ सेकंद हवेत राहिले. अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात एका विमानाने ८८ मीटरांहून अधिक अंतर कापले. एक कागद आणि अनेक दुरुस्त्या, यापलीकडे त्यांचे भांडवल ते काय?

याउलट, आपली ग्रंथनिष्ठा पाहावी. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा आपण अभिमानाने सांगतो. विश्वसनीय समकालीन पुरावा मात्र कोणी मागत नाही. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील विमाने उडूच शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच मांडला होता. तरी ती कथा टिकली आहे. जे विमान फेकूनच पाहायचे नाही, ते पडणार तरी कसे?

कवितेच्या आकलनाला विमानासारखा निर्विवाद निकष नाही, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु म्हणूनच तर शिक्षकाच्या शेऱ्याची जबाबदारी वाढते. जमीन विमानाला 'उड्डाण अपुरे' असे मोघम सांगत नाही. कोणत्या बाजूने चुकले ते दाखविते. आम्ही मात्र वीस वर्षे 'अपुरे', 'ठीक', 'बरे' असे लिहीत आलो आणि गुण नोंदवून गठ्ठे बांधत आलो. दुसरी फेक आमच्या वर्गात नव्हतीच. मग विद्यार्थी मार्गदर्शिकेतले उत्तर एकटाकी उतरवतात, म्हणून कपाळाला हात लावण्याचा अधिकार आम्हांस कितपत उरतो?

पुण्यात आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकविले. त्या शोधिकेच्या वास्तूला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीचा आधार मिळाला, हे आपण साहित्याच्या लोकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. हातांनी करून, चुकून, पुन्हा करून शिकणे ही केवळ विज्ञानाची मिरास नव्हे.

असो. तो कागद आम्ही सरळ करून त्या विद्यार्थ्याला परत दिला. जुना शेरा खोडून खाली लिहिले: 'दुसऱ्या परिच्छेदात विधान आहे, उदाहरण नाही. पाठ्यकवितांतले एक उदाहरण घालून पुन्हा लिही. गुण तेव्हाच देऊ.' आठवड्याने नवे उत्तर आले. उत्तम नव्हते, पण या वेळी त्यात खाडाखोड होती.