पाण्याची हमी कोणाची?

शनिवार-रविवार आला की मुंबई-पुण्याची कुटुंबे लोणावळा, खंडाळा आणि मावळातील भाड्याच्या बंगल्यांत उतरतात. बंगल्याला पोहण्याचा तलाव आहे काय, याची चौकशी आधी होते. तलावातील पाणी नितळ दिसले की पाहुण्याचे समाधान होते. वस्तुतः नितळ पाणी आणि निर्जंतुक पाणी या दोन भिन्न गोष्टी होत. तुरटी टाकली की गाळ तळाशी बसतो. जंतू त्याने मरत नाहीत. क्लोरीनचे सामर्थ्य पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. तो 7.2 ते 7.8 यांच्या दरम्यान असावा लागतो. 8 च्या वर गेला की क्लोरीन पाण्यात असूनही बव्हंशी निष्प्रभ ठरतो. त्यात लोणावळ्याचा पाऊस क्लोरीनची मात्रा सतत पातळ करीत असतो. डोळ्यांना झोंबणारा जो उग्र दर्प ‘क्लोरीन भरपूर आहे’ म्हणून वाखाणला जातो, तो बहुधा घाम व मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाल्याची खूण असतो. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा अतिसाराचा परजीवी तर योग्य क्लोरीनच्या पाण्यातही आठवड्याहून अधिक काळ तग धरतो.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, गुणवत्ता विक्रेत्यालाच ठाऊक असेल तर चांगला माल बाजारातून हटतो. अशा बाजारात हमीपत्र ग्राहकाला आधार देते. येथे मात्र हमी मिळते ती पंपाला आणि गाळणयंत्राला, पाण्याला नाही. शिवाय पाण्याचे रासायनिक संतुलन बिघडल्यास यंत्राची हमी रद्द होईल, असे कलम हमीपत्रात बहुधा असतेच. क्लोरीनच्या आम्लधर्मी वड्या सोयीसाठी पंपाकडे जाणाऱ्या टोपलीत टाकल्या तर तीव्र आम्ल पाणी थेट पंपात जाऊन धातूचे भाग झिजवते. मग उत्पादक देखभाल ठेकेदाराकडे बोट दाखवितो, ठेकेदार बंगलेमालकाकडे. उत्पादकाने सुटा भाग फुकट दिला तरी तो बसविण्याची मजुरी कोणी सोसायची, हा वाद उरतोच.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 याने उत्पादनासंबंधी सेवा देणाऱ्यावरही दायित्व टाकले आहे. सेवेतील दोष, पुरेशी सूचना न देणे, दिलेली हमी न पाळणे यांमुळे इजा झाल्यास भरपाई मागता येते. परंतु खुद्द उत्पादनाचे झालेले नुकसान या ‘हानी’च्या व्याख्येत बसत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, भाडे भरणारा पाहुणा ग्राहक ठरतो, तर बंगला व्यवसाय म्हणून चालविणारा मालक ठेकेदाराविरुद्ध सामान्यतः ग्राहक ठरत नाही. पाहुणा आजारी पडला तर मालकाला ग्राहक आयोगापुढे उभे राहावे लागेल. ठेकेदाराकडून ती रक्कम वसूल करण्यासाठी त्याला 1872 च्या करार कायद्याचा आधार घेऊन दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागेल. तेथे तोंडी बोलीचा काय उपयोग?

म्हणून क्लोरीन व सामू यांची रोजची मोजणी, मोजणाऱ्याची सही आणि टाकलेल्या रसायनाचे वजन यांची नोंदवही देखभालीच्या लेखी कराराचा भाग असली पाहिजे. ही वही बंगल्याच्या दर्शनी भागी ठेवण्याची अट नगरपरिषदेने घालावी. हद्दीबाहेरच्या बंगल्यांचे काय, हा प्रश्न ग्रामपंचायतींनाही टाळता येणार नाही. ठेकेदार यासाठी अधिक दर मागतील, आणि तो त्यांना मिळावा. आजच्या स्वस्त दरात मोजणीचा खर्च बहुधा धरलेलाच नसतो.